झाडं लावा हो, पण खाली मातीकडे कोण बघणार?

हवामान बदल म्हटलं की डोळ्यासमोर धुराडी येतात, गाड्या येतात, फार तर वृक्षारोपणाचे फोटो. जमीन कशी कसायची हाही त्यातलाच विषय आहे हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. आयपीसीसीने, म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने, २०१९ मध्ये फक्त जमिनीवर एक अख्खा रिपोर्ट काढलाय. माणसामुळे बाहेर पडणाऱ्या हरितगृह वायूंपैकी साधारण २३ टक्के शेती, जंगलतोड आणि जमिनीच्या इतर वापरातून येतात असं त्यात आहे. पण मला जास्त टोचला तो धुपीचा आकडा. नेहमीसारखी नांगरणी केली की माती जितक्या वेगाने तयार होते त्याच्या १०० पटीहून जास्त वेगाने वाहून जाते, आणि नांगरणी बंद केली तरी १० ते २० पट. म्हणजे नांगर ठेवून दिला तरी तोटा काही थांबत नाही, कमी होतो इतकंच!

आता सगळीकडे सॉइल कार्बनची, म्हणजे मातीत साठणाऱ्या कर्बाची, चर्चा आहे. हवेत जेवढा कार्बन आहे त्यापेक्षा जास्त मातीच्या वरच्या एक मीटरमध्ये आहे, हे खरंच. त्यावरूनच २०१५ च्या पॅरिस परिषदेत 'हजारी चार'वाला उपक्रम निघाला, मातीतला कर्ब वर्षाला ०.४ टक्क्याने वाढवायचा. चांगलंय, पण मातीत साठवलेल्या कर्बाचं क्रेडिट प्रदूषण करणाऱ्यांना विकायचं हे प्रकरण मला फारसं पटत नाही. काही दशकांत माती भरते, पुढे फार काही साठत नाही, आणि मधेच कोणी ती परत उलथवली तर साठवलेलं बरंचसं पुन्हा हवेत.

माझ्या मते कर्ब वाढवायचा तो पाण्यासाठी. सेंद्रिय कर्ब असला की माती भुसभुशीत राहते, पाऊस आत मुरतो, ओल टिकते, आणि पाऊस लांबला तरी पीक थोडं जास्त दिवस तग धरतं. आच्छादन, उताराला आडवे बांध, पिकांची फेरपालट, शेणखत, यात नवीन काहीच नाहीये. हवामानाचा फायदा हा बोनस समजा.

अशा साध्या उपायांचं सगळ्यात भारी उदाहरण पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाचं. तिथे १९८० च्या दशकात टोनी रिनाउडो नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाच्या लक्षात आलं की रोपं लावून मरतातच, पण शेतात तोडलेल्या झाडांचे बुंधे जमिनीखाली जिवंत आहेत, फुटवे येतायत आणि लोक ते झुडूप समजून साफ करतायत. मग फुटवे राखायचे, दोन-चार जोमदार ठेवून बाकी छाटायचे, बस. रोपवाटिका नाही, टँकर नाही. पुढच्या काही दशकांत साधारण ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली.

यातला एक भाग लोक सांगायचा विसरतात. तिथे कायद्याने झाडं सरकारची होती, म्हणून राखण्यात शेतकऱ्याला काही रसच नव्हता. अंमलबजावणी सैल झाली, आपण राखलेलं झाड आपल्यालाच तोडता येईल असा भरवसा आला, तेव्हा हे पसरलं. जमिनीचंही तेच. वर्षाच्या खंडाने जमीन कसणाऱ्याला तुम्ही कितीही ट्रेनिंग द्या, पुढच्या वर्षी ती जमीन दुसऱ्याकडे जाणार असेल तर तो बांध घालायला पैसे का घालेल? शाश्वत व्यवस्थापनाच्या योजनांमध्ये हा खंडाचा करार किती वर्षांचा आहे हे कोणी विचारतं का, मला तरी दिसलं नाही.