द्राक्षाची साल, दार्जिलिंगची पत्ती

शनिवार, २१ फेब्रुवारी

अर्धा किलो काळी द्राक्षं, शरद सीडलेस. घरी वाइनच्या चवीचा चहा करून पाहायचा आहे. टपोऱ्या मण्यांचा घड दिसायला छान, पण या कामाला बारीक मणी बरे. चहाला गर नको आहे, साल हवी आहे, आणि लहान मण्यात गराच्या मानाने साल जास्त येते. काळ्या द्राक्षाचाही गर पांढुरकाच असतो. लाल वाइनचा रंग आणि तिच्या तुरटपणाचा मोठा भाग सालीतूनच उतरतो.

लिटरभर पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून मणी दहा मिनिटं त्यात बुडवायचे, मग वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा खळबळून काढायचे. सोड्याचा अंश राहिला की सालीतला लाल रंग निळसर-करडा होतो आणि आंबटपणाही मरतो, म्हणून हे खळबळणं मनापासून करावं. मणी निथळून, पसरून फ्रीझरमध्ये. साल हाताने सोलत बसायची गरज नाही. गोठताना मण्याच्या आतल्या पेशी फुटतात आणि उद्या साल आपोआप सुटेल.

रविवार, २२ फेब्रुवारी

मणी तासाभरात सैल पडतात. हाताने कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळले. रस प्यायला, चोथा चहाला. चोथा घट्ट पिळून ताटात अगदी पातळ पसरायचा. ओव्हन असेल तर ५५ ते ६० अंशांवर पाच-सहा तास, दार बोटभर उघडं. कडक उन्हात दीड-दोन दिवसांत वाळतो, पण थेट ऊन लागलं की रंग विटतो. त्यामुळे वरून जाड कापड टाकून वाळवावा.

वाळल्याची खूण: बोटांत चुरगळला की मोडला पाहिजे. वाकला तर आत ओल आहे, आणि तो बरणीत भरला की आठवड्यात बुरशी धरतो. अर्ध्या किलोचा वाळलेला चोथा जेमतेम १५ ग्रॅम भरतो. कमी वाटतो, पण एका कपाला दोनच ग्रॅम लागतात.

सोमवार, २३ फेब्रुवारी

आज द्राक्ष नाही, नुसती पत्ती. वाइनची चव शोधायची तर आधी ती चहात मुळातच कुठे आहे हे जिभेला कळायला हवं. त्यासाठी दार्जिलिंगचा सेकंड फ्लश, म्हणजे मेअखेर ते जूनमधली दुसरी खुडणी. तिच्यातल्या गंधाला तिकडचे चहावाले ‘मस्कटेल’ म्हणतात, मस्कट द्राक्षावरून.

हा गंध कोणी वरून घातलेला नसतो. त्या दिवसांत बागेवर तुडतुडे आणि फुलकिडे येतात आणि कोवळ्या पानातला रस शोषतात. आपल्याकडे कपाशीवर तुडतुडे दिसले की शेतकरी धास्तावतो. तिथे मात्र चावलेलं पान वेगळ्याच कारणाने मोलाचं ठरतं. झाड प्रतिकार म्हणून सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि पान सुकवताना, मळताना ती आणखी खुलतात. तैवानमधल्या शिंचू आणि म्याओली भागातला ‘ओरिएंटल ब्यूटी’ हा ऊलाँगही (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार) असाच तुडतुड्यांच्या चाव्यावर उभा आहे. त्याला शॅम्पेन ऊलाँग असंही नाव आहे. लिनालूल आणि जेरॅनिऑल ही गंधद्रव्यं मस्कट द्राक्षातही असतात आणि चहाच्या पानातही. मस्कटेल हे नाव कविकल्पना म्हणून पडलेलं नाही. नाकाने दोन्हीकडे तेच ओळखलं.

माप: १५० मिली पाणी, अडीच ग्रॅम पत्ती, ९० ते ९५ अंश, झाकण ठेवून साडेतीन मिनिटं. चहा पारखणारे पाच-सहा मिनिटं ठेवतात, कारण त्यांना दोष शोधायचे असतात. प्यायला तेवढा वेळ नको, तुरटपणा गंधाच्या पुढे धावतो. आधी ओल्या पत्तीचा वास घ्यायचा, मग कप ५० अंशांच्या आसपास उतरेपर्यंत थांबायचं. पहिल्या वाफेत फक्त ऊब कळते. मनुका, पिकलेलं पीच, थोडं लाकूड हे कप कोमट झाल्यावरच वर येतं. घोट फुर्रकन ओढावा, म्हणजे हवेबरोबर गंध घशामागून नाकात चढतो. घरात कोणी हसलं तरी हरकत नाही, चव अशीच कळते.

कांदा-लसणाच्या जेवणानंतर दोन तास तरी हे करू नये. दोन चहांच्या मध्ये साधं पाणी आणि चिमूटभर कोरडे कुरमुरे पुरतात.

बुधवार, २५ फेब्रुवारी

बाजारातला तयार वाइन-फ्लेवरचा चहा. पाकीट उघडताच वास खोलीभर, कप मात्र रिकामा. पत्तीवर स्वाद शिंपडलेला असतो आणि तो पहिल्याच पाण्यात उतरून जातो. पारख सोपी आहे: तीच पत्ती दुसऱ्यांदा भिजवायची. शिंपडलेला वास दुसऱ्या पाण्यात जवळजवळ उरत नाही, मस्कटेल फिका होतो पण टिकतो.

अशा चहाला मी वाईट म्हणणार नाही, अपुरा म्हणेन. वाइन म्हणजे नुसता वास नाही. जिभेला लागणारा आंबटपणा, हिरड्यांवर बसणारा तुरटपणा आणि गंध, अशी तिघांची ती मोट आहे. स्वाद शिंपडून तिसरा मिळतो, पहिले दोन किटलीतच उतरवावे लागतात.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

आजचा कप नीट जमला, म्हणून सविस्तर.

सगळं एकत्र टाकून उकळणं ही नेहमीची चूक. फळाची वाळलेली साल सावकाश फुलते, तिला सहा-सात मिनिटं लागतात. चहाची पत्ती तेवढा वेळ राहिली की कडू. आणि पत्तीच्या वेळेला सगळं गाळलं तर साल अर्धी कोरडी राहते, कपात रंग येतो पण अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, येत नाही. तेव्हा दोन वेळा, दोन आचा.

छोट्या पातेल्यात २२० मिली पाणी. दोन ग्रॅम चोथा, तीन काळ्या मनुका चिरून आणि बिया काढून, अर्धा ग्रॅम लाल अंबाडीच्या वाळलेल्या बोंडांचे तुकडे. झाकण ठेवून सहा मिनिटं, आच इतकी मंद की खळखळून उकळी फुटू नये. जोरात उकळलं की सालीचा लाल रंग तपकिरीकडे झुकतो आणि वास शिजवलेल्या जॅमचा येतो. गॅस बंद, एक मिनिट थांबायचं, मग दोन ग्रॅम दार्जिलिंग, पुन्हा झाकण, तीन मिनिटं, आणि लगेच गाळायचं. चोथा पिळायचा नाही, पिळला की कप गढूळ होतो.

चोथ्याला स्वतःचा वाइनचा वास नसतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. तो आंबवलेला नाही, त्यामुळे त्याला वास येतो मनुकेचा. वाइनकडे नेणारा गंध दार्जिलिंगचा, रंग आणि पकड सालीची. म्हणूनच इथे साधी सीटीसी पावडर, म्हणजे रोजचा दाणेदार चहा, चालत नाही. तिचा कडकपणा दुधासाठी आहे, इथे ती सगळ्यांवर बसते. दार्जिलिंग महाग वाटत असेल तर निलगिरीची ऑर्थोडॉक्स पत्ती (दाणेदार नव्हे, पानं वळून केलेली) घ्यावी. गंध वेगळा, फुलांकडे जाणारा, पण स्वच्छ.

बेदाणा की मनुका? मनुका. पिवळ्या बेदाण्याला रंग टिकवण्यासाठी पुष्कळदा गंधकाची धुरी दिलेली असते आणि गरम पाण्यात तो वास उघडा पडतो. सांगलीचा उत्तम बेदाणा खायला ठेवावा.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

अंबाडीचं प्रमाण. परदेशी मिश्रणांवर ‘हिबिस्कस’ लिहिलेलं असतं आणि आपल्या डोळ्यांपुढे देवाला वाहायची जास्वंद येते. प्रत्यक्षात ती लाल अंबाडीच्या फुलाखालची मांसल बोंडं. अर्ध्या ग्रॅमला कप जिवंत होतो, एक ग्रॅमला सरबत होतो, दोन ग्रॅमला द्राक्ष आणि चहा दोघेही हरवतात. अंबाडी नसेल तर आमसुलाचा नखाएवढा तुकडा, बिनमिठाचा. नेहमीच्या आमसुलाचं मीठ कपात लगेच कळतं.

आंबट पडलं की चहाचा स्वतःचा रंग फिका होतो, लिंबू पिळल्यावर होतो तसा. पत्ती कमी पडली असं समजून कोणी आणखी पत्ती टाकू नये.

बोअरच्या जड पाण्याने हाच कप करून पाहिला: रंग मळकट जांभळा, वर तवंग, आंबटपणा बोथट. क्षारांनी आम्ल खाऊन टाकलं. गाळलेलं, कमी क्षारांचं पाणीच घ्यावं.

दूध नाही. आम्लाने ते फाटतं, आणि फाटलं नाही तरी दुधातलं केसीन तुरटपणाला बांधून टाकतं, म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तेच निघून जातं. गोडी हवी तर खडीसाखरेचा एक छोटा खडा. मध नको, त्याला स्वतःचं बोलायचं असतं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

गार कप. गरम करून फ्रिजमध्ये ठेवलेला चहा ढगाळतो, कारण थंडीत चहातली द्रव्यं कॅफीनला धरून गोळा होतात. सुरुवातच गार पाण्याने करावी: अर्धा लिटर पाणी, सहा ग्रॅम दार्जिलिंग, फ्रिजमध्ये आठ तास. तुरटपणा कमी उतरतो, गंध राहतो, आणि जे मिळतं ते लाल वाइनपेक्षा नाशिकच्या शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनच्या बाजूचं. यात चोथा घालू नये असं माझं मत. हलक्या अंगावर साल जड होते.

बुडबुडे हवे असतील तर हाच चहा दुप्पट पत्तीने करून थंड सोड्यात निम्मा-निम्मा. सोडा आधी, चहा नंतर, पेला तिरका धरून. उलटं केलं तर फेस ओट्यावर.

काचेचा वाइन ग्लास या गार चहाला फार शोभतो, आत वळलेली कड गंध धरून ठेवते. गरम चहा त्यात थेट ओतू नये, पातळ काच तडकते.

रविवार, १ मार्च

खरी वाइन पत्तीला लावण्याची रीत. ५० ग्रॅम निलगिरी, १० मिली शिराझ ही लाल वाइन, फवारणीच्या बाटलीतून हलवत-हलवत. अर्धा तास झाकून, मग ओव्हनमध्ये ६० अंशांवर पाऊण-एक तास, दार थोडं उघडं. ८० च्या वर गेलं की पत्ती भाजल्याचा वास येतो. वाळलं की नाही हे नाकाने नाही, काट्याने ठरवायचं: वजन ५० ते साडेपन्नास ग्रॅमवर परत आलं पाहिजे. ५२ भरली तर ओल आहे, पुन्हा ओव्हनमध्ये. तयार पत्ती तीन दिवस घट्ट डब्यात मुरू द्यावी.

आणि हे स्पष्ट सांगायला हवं: वाइन चहात घालून उकळली म्हणजे अल्कोहोल उडून गेलं, हा समज चुकीचा आहे. पंधरा मिनिटं मंद शिजवल्यावरही सुमारे ४० टक्के उरतं, तासाभरानंतरही चौथा हिस्सा. वाळवलेल्या पत्तीत अगदी नगण्य राहत असेल, तरी ज्यांना धर्माने, औषधाने किंवा गरोदरपणामुळे वर्ज्य आहे त्यांच्यापुढे हा कप न सांगता ठेवू नये. त्यांच्यासाठी चोथ्याचा कप आहे, आणि चवीत तो कमी नाही.

आधीच मुरवून ठेवलेल्या शिराझच्या पत्तीचा कप आणि चोथ्याचा कप शेजारी ठेवून चाखले. शिराझच्या पत्तीत पहिला घोट हुबेहूब, तिसऱ्या घोटाला पोकळी. चोथ्याच्या कपात पहिला घोट साधा, पण गिळल्यावर हिरड्यांवर राहणारी पकड बराच वेळ जात नाही. रोजच्यासाठी चोथाच.

बरणीत चोथा थोडाच उरला. शरद सीडलेस एप्रिलपर्यंत मिळेल. पुढच्या वेळी दोन किलो.