१ मे, सकाळची पाळी

१ मेच्या सकाळी सव्वासातला शेवटच्या पेशंटला सुया लावून मी हात धूत होते, तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजला. त्यांच्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे मशीनच्या सुया लावण्यासाठी ऑपरेशननं जोडलेली रक्तवाहिनी. मशीन सुरू असताना तो हात हलवायचा नसतो, म्हणून त्यांनी उजव्या हातानं फोन कानाला लावला. पलीकडे त्यांची नात, सहावीतली. संध्याकाळी तिच्या सोसायटीत महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता आणि तिला पाच मिनिटं बोलायचं होतं. विषय दिलेला होता : महाराष्ट्राचा सर्वांत थोर सुपुत्र. ‘आजोबा, कोणावर बोलू ते अकराच्या आत सांगा. मला पाठ करायचंय.’

मी नागपुरातल्या एका दवाखान्यात डायलिसिस टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. आमच्या युनिटला सणवार नसतो. त्या दिवशी सहापैकी चार मशीन सुरू होती. एका पेशंटचे चार तास असतात. तेवढ्या वेळात माणूस झोपतो, मोबाइल पाहतो, नाहीतर शेजारच्या बेडशी बोलतो. आठवड्यातून दोन-तीनदा तीच माणसं, त्याच बेडवर. काही घरांत भावाभावांचं होत नाही एवढं बोलणं इथं होतं.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, अमरावतीकडचे, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. त्यांच्या उजवीकडे आबाजी : वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्य मिलमध्ये गेलेलं, राहायला पाचपावलीत. समोर काटोलचे संत्र्याचे बागाईतदार, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो. स्वतःच्या बागेतलं संत्रं त्यांना तीन वर्षांपासून बंद आहे, कारण त्यातलं पोटॅशियम आता त्यांच्या अंगाला चालत नाही. आणि भाऊंच्या शेजारी बी.एड. करणारी एक मुलगी, चोवीस वर्षांची. तिला सगळे बेटा म्हणतात.

गुरुजींचं उत्तर तयारच होतं. ‘राष्ट्रसंत,’ ते म्हणाले. ‘दुसरं कोण?’ पण शिक्षकाची सवय, म्हणून आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं?’

‘महाराजांचं नाव घ्यायचं नाही हां,’ भाऊ आधीच म्हणाले. ‘शिवाजी महाराज तं आहेच. त्यायच्यानंतरचं बोला.’ यावर कोणी वाद घातला नाही.

गुरुजींनी तुकडोजी महाराजांची बाजू मांडली ती चांगली मांडली. यावलीत १९०९ साली जन्म, वरखेडचे आडकोजी महाराज गुरू, हातात खंजिरी. १९४२च्या आंदोलनात इंग्रजांनी त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. चीनच्या युद्धात ते सीमेवर जाऊन जवानांपुढे भजन म्हणून आले. ‘गावात संडास कुठं असावा इथपासून गाव कसं चालवावं इथपर्यंत त्यांनी लिहिलं,’ गुरुजी म्हणाले. ‘मोठी माणसं दिल्लीकडे तोंड करून बोलतात. महाराज गावाकडे तोंड करून बोलले.’

‘पण विषयात सुपुत्र काहून आहे?’ बेटानं मध्येच विचारलं. ‘म्हणजे सावित्रीबाई बसतच नाहीत.’

गुरुजी थांबले. खरंच, त्या एका शब्दानं अर्धा महाराष्ट्र बाहेर ठेवला होता आणि आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बेटाला मग जोर आला. १८४८ची पुण्यातली शाळा तिनं सांगितली. १८९७च्या प्लेगमध्ये आजाऱ्यांची सेवा करता करता सावित्रीबाईंनाच प्लेग झाला आणि त्या गेल्या, हेही सांगितलं. पुढं ती जे बोलली ते मला माहीत नव्हतं. उमरेडच्या जाईबाई चौधरी रेल्वे स्टेशनवर हमाली करायच्या. डोक्यावर लोकांचं सामान वाहता वाहता त्या शिकल्या, आणि १९२२ साली त्यांनी याच नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावानं शाळा काढली. ‘मी रोज त्या स्टेशनवरून जाते, आणि हे मला बी.एड.ला आल्यावर कळलं,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. मला तो बरोबर वाटला.

तोवर भाऊंनी वेगळाच मुद्दा काढला. भाऊ पक्के विदर्भवादी. ‘राज्य कोणतं धरून राहिले तुम्ही? १९५५ ले राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळा विदर्भ द्या म्हणून लिहून देल्लं होतं. आमच्या राज्याचा माणूस म्हनजे विदर्भाचा माणूस. मंग माह्याकडून बाबा आमटे लिहा.’

आबाजी इतका वेळ डोळे मिटून होते. ते न उघडताच म्हणाले, ‘मले राज्याचं नका सांगू. मी घर नाई बदललं अन् चार राज्यात राह्यलो.’

मी मनात हिशेब केला आणि तो बरोबर निघाला. आबाजी जन्मले तेव्हा सीपी अँड बेरार, म्हणजे इंग्रजांच्या काळचा मध्य प्रांत आणि वऱ्हाड. १९५० पासून मध्य प्रदेश, आणि नागपूर त्याची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्य. १ मे १९६०ला महाराष्ट्र. पाचपावलीतलं त्यांचं दार तेच होतं.

‘बाबासाहेबांनी दीक्षा देल्ली १४ ऑक्टोबरले,’ आबाजी पुढं म्हणाले. ‘तवा हे नागपूर मध्य प्रदेशात होतं. अठरा दिवसांनं राज्य बदललं. बाबासाहेबांचा जन्म महूचा, मूळ गाव आंबडवे, कोकणातलं. आता सांगा, कोण्या राज्याचे?’

कोणी काही बोललं नाही. माझ्या मते त्या सकाळचा तो सगळ्यांत नेमका प्रश्न होता. थोर माणूस आपल्या राज्याचा म्हणून आपण छाती फुगवतो, आणि ती रेघ तर त्याच्या हयातीत दोन-दोनदा पुसून पुन्हा ओढलेली असते.

पण भाऊंना आमटे सोडायचे नव्हते. हिंगणघाटचा जन्म, वकिली सोडली, वरोऱ्याजवळच्या माळावर सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन आनंदवन सुरू केलं, हे सगळं त्यांनी सांगितलं. गुरुजी म्हणाले, ‘काम मोठं, पण एका रोगापुरतं.’

भाऊ बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘माह्या सख्ख्या मामाले होता तो रोग.’

तीन वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. गावानं मामाला वाड्यामागं झोपडीत ठेवलं होतं. जेवणाचं ताट काठीनं सरकवत. भाऊंची आई रात्री, कोणी पाहू नये म्हणून कंदील न घेता, भावाला भेटायला जायची. पुढं त्याला आनंदवनात नेलं आणि तिथं तो मागावर बसला. ‘हाताले तीन बोटं नव्हते. तरी त्यानं इणलेली सतरंजी माह्या घरी आहे अजून. आम्ही लग्नात अंथरतो ते. कोणाले सांगत नाई कोणी इणली.’

गुरुजींनी हात जोडायला उजवा हात उचलला. डावा अडकलेला होता, म्हणून तो एकच हात त्यांनी छातीशी धरला आणि म्हणाले, ‘भाऊ, माझं चुकलं.’

मला कोणी विचारलं नव्हतं, पण माझं उत्तर ठरलेलं होतं आणि आजही तेच आहे : जोतीराव. आमच्या बहुतेक पेशंटचं डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होतं. ‘ताई, फुल्यात बसते का?’ हा प्रश्न मी दिवसातून दहा वेळा ऐकते. वर्षानुवर्षं मी ते नाव फायलीवरचा शिक्का म्हणून वाचत आले. त्या सकाळी बेटानं हौदाची गोष्ट सांगितली. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यावर आबाजी लगेच म्हणाले, ‘अन् १९२७ ले महाडचं चवदार तळं.’

पाण्याची गोष्ट निघाली आणि युनिट एकदम शांत झालं. बाहेरच्या माणसाला याचं कारण कळणार नाही. आमच्या पेशंटला दिवसाला एखादा लिटर पाणी, त्यातच चहा, वरण, औषधाचा घोट. नागपूरच्या मे महिन्यात ही माणसं ओठांवरून बर्फाचा खडा फिरवून दिवस काढतात. आणि इथं मशीनमधून मिनिटाला अर्धा लिटर, चार तासांत १२० लिटर द्रव त्यांच्या रक्ताच्या अगदी शेजारून, एका पातळ पडद्यापलीकडून वाहून जातो. समोर पाणी असून पिता न येणं म्हणजे काय, हे त्या चौघांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. फरक एवढाच की आमचं पाणी शरीर अडवतं, त्यांचं माणसांनी अडवलं होतं.

‘मग बाबासाहेब की फुले?’ गुरुजींनी आबाजींना विचारलं. तो प्रश्न जिंकण्यासाठी नव्हता.

‘बाबासाहेबांनीच सांगून ठेवलं न. माहे गुरू तीन. बुद्ध, कबीर अन् फुले.’ आबाजींनी डोळे उघडले. ‘त्यायले कोणी इचारलं असतं सगळ्यात थोर कोण, तं त्यायनं सोताचं नाव नसतं घेतलं.’ फुल्यांना विचारलं असतं तर? त्यांनी १८६९ साली शिवरायांवर पोवाडा रचला होता, हे गुरुजींनीच आठवलं. माझ्या डोक्यात हे अजून घोळतं.

मग आबाजींनी दीक्षेचा दिवस सांगायला घेतला. तेव्हा ते दहा वर्षांचे, चवथीत. पांढऱ्या लुगड्यासाठी आई तीन दुकानं फिरली होती. पहाटे पाचपावलीहून बापाचं बोट धरून ते पायी निघाले, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानाकडे. ‘बाबासाहेब मले दिसले नाई,’ ते म्हणाले. ‘खोटं काहून बोलू? बापानं खांद्यावर घेतलं तरी नाई दिसले. लांबवर नुस्तं पांढरंच पांढरं. पण भोंग्यातून आवाज आला. ते म्हणत होते अन् सगळे मागून म्हणत होते. सगळे उभे राह्यले. अन् माहा बाप...’

त्यांनी जांभई दिली. थोडं थांबून पुन्हा एक.

डायलिसिसवर जांभई म्हणजे झोप नव्हे, प्रेशर पडत असल्याची ती खूण असते. हे मी नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवते. आणि त्या दिवशी मी स्वतः ती गोष्ट ऐकत उभी राहिले. दुसऱ्या जांभईनंतर मला भान आलं. प्रेशर ८०/५०. कपाळ ओलं, ओठ पांढरे. उन्हाळ्यामुळे ते पाण्याचं साडेतीन किलो वजन वाढवून आले होते आणि आम्ही ते सगळं काढायला लावलं होतं. मी पाणी काढणं बंद केलं, बेडची पायाची बाजू उचलली, सलाइन सोडलं. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला धावली. ‘आबाजी, ऐकू येते का?’ उत्तर नाही.

ती तीन-चार मिनिटं मला अजून दिसतात. गुरुजी मान उचलून पाहत होते. उठता येत नव्हतं, तेही मशीनला बांधलेले. बेटानं तोंडावर ओढणी धरली होती. कोणी हाक मारत नव्हतं, कोणी देवाचंही नाव घेत नव्हतं. नुसता पंपांचा आवाज.

२०० मिली सलाइन गेल्यावर प्रेशर १००च्या वर आलं. आबाजींनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले ते माझ्याशी : ‘घाबरली का वो पोरी?’ मी घाबरले होते. त्या उशिराची नोंद मी रजिस्टरमध्ये केली आणि डॉक्टरांनाही सांगितलं.

सगळं स्थिर होईपर्यंत पावणेअकरा वाजले. गुरुजी हळूच म्हणाले, ‘आबाजी, त्रास होत नसेल तर... वडिलांचं काय झालं पुढं?’

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नात. ‘आजोबा, ठरलं का?’

गुरुजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाले, ‘थांब. मी नाही सांगत. इथं एक आजोबा आहेत, ते सांगतील. वही घेऊन बस.’ आणि फोन माझ्या हातात दिला. मी स्पीकर लावला आणि आबाजींच्या उशीजवळ धरला.

‘कितवीत हायेस माय?’

‘सहावीत.’

‘मी चवथीत होतो. माहा बाप शाळेत गेला नव्हता. बाबासाहेब एक प्रतिज्ञा म्हणत, लोकं मागून म्हणत. बापाले ते लांब लांब शब्द येत नव्हते. तो एक शब्द मागं राहे, मंग दोन शब्द मागं. मी शाळेतला, मले येत होतं. मी खांद्यावरून मोठ्यानं म्हणत होतो. मंग बाप म्हणायचं थांबला. मले वाटलं, चिडला. तं त्यानं माहे पाय घट्ट धरले अन् म्हणला, तू म्हण. दोघांयचं तूच म्हण.’

पलीकडे काहीच आवाज नव्हता. मग मुलीनं विचारलं, ‘मग तुम्ही म्हटलं?’

‘शेवटपर्यंत. अन् घरी आल्यावर आठ दिवस रोज रात्री बापानं माह्याकडून म्हणून घेतलं. सगळ्या बावीस. पाठ होईपर्यंत. त्याची.’

मशीनवर वेळ संपल्याची घंटी वाजली. मुलगी पुढचं काही विचारत होती. मी अलार्म बंद केला, सुया तशाच राहू दिल्या आणि फोन धरून उभी राहिले.