कॉलेजात कोणी विचारत नाही

शाळेत आपल्याला दिवसभरात किती प्रश्न विचारले जायचे, हे कॉलेज सुरू झाल्यावर कळतं. गृहपाठ झाला का, वही पूर्ण आहे का, काल का आली नाहीस, चाचणीची तयारी कुठवर आलीय. तेव्हा वैताग यायचा, पण निम्मा अभ्यास त्या प्रश्नांच्या धाकानेच व्हायचा. कॉलेजात पहिले काही आठवडे मला कोणी काहीच विचारलं नाही. सर यायचे, तासभर बोलायचे, फळा पुसायचे आणि जायचे. काही जण लिहून घ्यायचे, काही खिडकीबाहेर बघत बसायचे, सरांना दोन्ही सारखेच. सुरुवातीला या मोकळेपणाचं भारी अप्रूप वाटलं. मग हळूहळू लक्षात आलं, की शाळेत जे प्रश्न दुसरे विचारायचे ते आता मीच मला विचारायचे आहेत. पहिलं वर्ष मी निभावलं ते कसं, एवढंच इथे सांगतेय. कोणती शाखा घ्यावी, कोणतं कॉलेज चांगलं, यावर बोलणारे पुष्कळ आहेत.

प्रवेश नक्की झाल्यावर मी मावसबहिणीला फोन केला. ती तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती.

“ताई, पुस्तकं कोणती घेऊ?”

“पुस्तकं राहू दे गं. आधी मार्क कुठून येतात ते बघ.”

शाळेत पाठ्यपुस्तक म्हणजेच अभ्यासक्रम असतो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत केलं की झालं. कॉलेजात अभ्यासक्रम म्हणजे प्रत्येक विषयाचा दोन-चार पानांचा कागद. त्यात घटकांची नावं, कोणत्या घटकाला किती तास, संदर्भपुस्तकांची यादी आणि गुणांची विभागणी. एखादा घटक एका पुस्तकात सापडतो, दुसरा भलत्याच. वर्गातल्या बऱ्याच जणांनी हा कागद परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदा उघडला. ताईच्या सांगण्यावरून मी तो सुरुवातीलाच छापून घेतला आणि शेवटच्या परीक्षेला किती गुण, अंतर्गत चाचण्यांना किती, प्रॅक्टिकल आणि सबमिशनला किती, हे प्रत्येक विषयापुढे लिहून काढलं. मग एका मोठ्या कागदावर सेमिस्टरचे सगळे आठवडे आखले आणि जिथे जिथे काही द्यायचं होतं, तिथे खूण केली. पाठोपाठचे दोन आठवडे सबमिशन आणि चाचण्यांनी गच्च, त्याआधीचे चार जवळजवळ कोरे. तारखा सुट्या सुट्या कळतात तेव्हा ही गर्दी दिसत नाही. त्या कोऱ्या आठवड्यांतच गच्च आठवड्यांचं काम उरकायचं, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

त्याच कागदावर प्रत्येक विषयापुढे क्रेडिटचा आकडा असतो. निकालाच्या वेळेपर्यंत त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मला मात्र त्या आकड्याने एक कोडं सोडवून दिलं. वेळापत्रक शाळेपेक्षा इतकं रिकामं असताना सिनिअर मुलं सतत “वेळच नाही” का म्हणतात, हे मला कळत नव्हतं. क्रेडिट हा खरं तर तासांचा हिशेब आहे. युरोपातल्या विद्यापीठांच्या सामाईक पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. भारताच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि १२०० तास. अमेरिकेत ढोबळ नियम असा, की आठवड्यात वर्गातल्या प्रत्येक तासामागे वर्गाबाहेर निदान दोन तास. म्हणजे तिथलं १५ क्रेडिटचं सेमिस्टर घेतलं तर १५ तास वर्गात आणि ३० तास बाहेर, मिळून आठवड्याचे ४५. ही पूर्णवेळ नोकरीच झाली. वेळापत्रकावर छापलेले असतात ते त्यातले १५च. उरलेले कुठे बसवायचे हे कोणी सांगत नाही, म्हणून ते मोकळे वाटतात.

एवढं कळल्यावर दोन लेक्चरच्या मधल्या ‘ऑफ’कडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. सगळेच तास अभ्यासाला दिले असं अजिबात नाही. गप्पा मारायला कॉलेजसारखी जागा नाही आणि त्या मारल्याच पाहिजेत. पण दिवसातला एक ऑफ ठरवून ग्रंथालयात. त्या तासाला काय करायचं ते आदल्या रात्री लिहून ठेवायचं, आणि तेही नेमकं. “गणिताचा अभ्यास” असं लिहिलं की तो तास पुस्तकं चाळण्यात जातो. “दुसऱ्या प्रकरणातली शेवटची पाच उदाहरणं” असं लिहिलं की बसल्याबरोबर हात चालू होतो.

लेक्चरच्या नोट्स हा वेगळाच प्रकार होता. शाळेत बाई लिहून द्यायच्या, आम्ही उतरवायचो. इथे सर बोलत जातात, फळ्यावर चार शब्द आणि एखादी आकृती, आणि मधेच “हे तुम्ही घरी बघा” असं म्हणून पुढे. सगळं लिहायला गेलं तर ऐकणं राहतं, नुसतं ऐकत बसलं तर संध्याकाळी हाती काही नसतं. मी कॉर्नेल पद्धत वापरून बघितली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी ती १९५० च्या दशकात बसवली, आणि आहे अगदी साधी. पानाच्या डावीकडे एक अरुंद पट्टी सोडायची, उजवीकडच्या रुंद भागात लेक्चर चालू असताना लिहायचं, आणि तळाला थोडी जागा सारांशासाठी ठेवायची. त्याच दिवशी नंतर डाव्या पट्टीत त्या मजकुरावरचे प्रश्न लिहायचे. तळाची जागा माझी कायम कोरीच राहायची आणि तिच्यावाचून माझं काही अडलं नाही. डावी पट्टी मात्र सोन्याची. उजवा भाग हाताने झाकायचा, प्रश्न वाचायचा, उत्तर मोठ्याने म्हणायचं. शाळेत बाई उभं करून विचारायच्या तेच, फक्त चारचौघांत फजिती नाही.

आणि याच ठिकाणी जरा थांबायला हवं, कारण कॉलेजातला बहुतेकांचा अभ्यास इथेच फसताना मी बघितलाय. मेहनत नसते असं नाही, तासन्‌तास वाचन चाललेलं असतं. रंगीत पेनांनी पानं भरलेली असतात, आणि तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. हे ओळखीचं वाटणंच दगा देतं. वाक्य समोर असताना “हो, हे माहितीय” म्हणणं सोपं; कोरी उत्तरपत्रिका समोर असताना तेच वाक्य आपल्या आपण आठवणं हे वेगळंच काम आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांना ७५. आठवड्याने तपासलं तेव्हा पारडं फिरलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना ५६. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात तर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्या लक्षात जास्त राहील असा विश्वासही जास्त होता. परीक्षा देऊन बाहेर आल्यावर “अरे, सगळं वाचलं होतं रे!” म्हणणाऱ्यांचं दुःख या आकड्यांत आहे.

त्यामुळे माझा नियम साधा झाला. एखादा घटक संपला की कोरा कागद घ्यायचा, पुस्तक बंद करायचं आणि आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून जे सुटलं ते दुसऱ्या रंगाने भरायचं. पहिल्या खेपेला कागदावर दुसराच रंग जास्त असतो, आणि ते बघून मन खट्टू होतं. तसं झालं तरी कागद फाडायचा नाही. दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने पुन्हा. हे अंतर मुद्दाम ठेवायचं. विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यांत जास्त असतो आणि पुढे मंदावतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिलंय. निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून आणि स्वतःलाच तपासून. म्हणून पहिली उजळणी लवकर, पुढच्या लांब लांब. गणित, भौतिकशास्त्र, अकाउंट्स अशा विषयांत हेच सोडवलेल्या उदाहरणांबाबत. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक ओळ पटत जाते. उत्तर झाकून, पेन हातात घेऊन पहिली ओळ कोणती हे आपल्याला सुचतंय का, तेवढं बघायचं. बहुतेक वेळा अडतं ते पहिल्या ओळीलाच.

अडलं की सरांकडे जायचं, हे शाळेत सहज होतं. कॉलेजात स्टाफरूमचा उंबरठा उगाचच उंच वाटतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या आधी वर्गातला एक मुलगा उभा होता.

“सर, चौथा घटक कळला नाही.”

“कुठपासून कळला नाही?”

“सगळाच, सर.”

सरांनी त्याला प्रकरण पुन्हा वाचून यायला सांगितलं. त्यांचं तरी काय चुकलं? सगळा घटक उभ्या उभ्या कोण शिकवणार? मी वहीत एक उदाहरण जिथवर जमलं तिथवर सोडवून नेलं होतं आणि अडलेल्या ओळीपाशी बोट ठेवलं. “इथवर बरोबर आहे,” सर म्हणाले, “पण या पायरीला एक अट लागते, ती तू वापरलेली नाहीस.” दोन मिनिटांचं काम. वर त्यांनी हा भाग कोणत्या संदर्भपुस्तकात जास्त चांगला दिलाय तेही सांगितलं, जे मला एरवी कधीच कळलं नसतं. त्यानंतर मी अडेल तेव्हा जात राहिले. नेमका प्रश्न घेऊन आलेल्या मुलांना शिक्षक टाळतात, असं मी तरी पाहिलं नाही. ई-मेल करायचा तर त्यातही हेच: विषयाच्या जागी कशाबद्दल आहे ते, मजकुरात नाव, वर्ग, रोल नंबर आणि पहिल्या दोन ओळींत प्रश्न. रात्री अकराला “सर आहात का” असा मेसेज टाकून काही मिळत नाही.

पुस्तकांबद्दल एवढंच, की संदर्भपुस्तक पहिल्यापासून वाचत सुटू नये. शेवटच्या सूचीत हवी ती संकल्पना शोधायची, तेवढी पानं वाचायची, नाही पटलं तर दुसऱ्या पुस्तकातलं तेच वाचायचं. सिनिअर मंडळींकडून जुन्या प्रश्नपत्रिका जरूर घ्याव्यात. त्यांच्या नोट्स मला फारशा उपयोगी पडल्या नाहीत, कारण त्यात त्यांना काय अडलं ते होतं आणि मला अडत होतं भलतंच.

मैत्रीचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात जमलेलं टोळकं वर्षभर टिकलंच पाहिजे असं नाही, माझं टिकलं नाही. वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या मैत्रिणींतून उठून अनोळखी वर्गात बसलं की एकटं वाटतंच. बऱ्याच जणांचं तेच चाललेलं असतं, फक्त बोलत कोणी नाही. ते आठवडेच्या आठवडे ओसरलं नाही, झोप-अभ्यास दोन्हींवर परिणाम व्हायला लागला, तर घरी “सगळं ठीक” म्हणत बसू नये. बऱ्याच कॉलेजांत समुपदेशक असतात. आमच्याकडेही होत्या आणि त्यांच्याकडे जाणारी मुलं काही ‘वेगळी’ नव्हती. झोपेचं तर सरळ गणित आहे: १३ ते १८ वयाला तज्ज्ञ रोजची ८ ते १० तास झोप सांगतात, प्रौढांना किमान ७. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचलेलं किती आठवतं, याचा अनुभव एकदा तरी प्रत्येक जण घेतोच, मी सांगून कोणी थांबणार नाही.

पहिल्या अंतर्गत चाचणीनंतर मी एक गोष्ट केली जी वर्गात फार थोड्यांनी केली. तपासलेला पेपर मागून बघितला. गुण कळले की बहुतेकांचं काम संपतं, पण कुठे मिळाले आणि कुठे गेले हे पेपरातच दिसतं. एका विषयात उत्तर अपुरं असूनही मॅडमनी पायऱ्यांना गुण दिले होते. दुसऱ्या विषयात व्याख्येला मोजकेच गुण होते आणि उदाहरणाला जास्त. दोन शिक्षक, दोन तऱ्हा, आणि वर्गात कोणी तोंडाने सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या सेमिस्टरचा आठवड्यांचा तक्ता आखताना ते पेपर मी शेजारी ठेवले. पहिल्या विषयाचे तास सराव करायला दिले, दुसऱ्या विषयात प्रत्येक व्याख्येखाली स्वतःचं एक उदाहरण लिहायला जागा सोडली, आणि अभ्यासक्रमाचे नवे कागद छापून आणायला निघाले.