ले-आऊटमधल्या रस्त्याचे कागद माहिती अधिकारात काढताना

आमच्या ले-आऊटमधला सिमेंट रस्ता लवकरच उखडला. तक्रारीवर 'नोंद घेतली आहे' एवढंच उत्तर आलं, म्हणून मी माहिती अधिकार कायद्याखाली कागदच मागवले.

नागपुरात पहिला घोळ असतो तो रस्ता कोणाचा याचा. मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), सार्वजनिक बांधकाम, महामार्ग प्राधिकरण... '५७२' आणि '१९००' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आधी अनधिकृत असलेल्या ले-आऊटमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अर्ज भलत्याच कार्यालयात गेला तरी या कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. कामावरचा फलक मात्र आधी वाचून घ्या. त्यावरचं कामाचं नाव अर्जात जसंच्या तसं उतरवलं, की 'कोणते काम ते स्पष्ट होत नाही' ही पळवाट बंद होते.

अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात करायचा आणि त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे विषय एकच हवा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवायचा. 'रस्ता का उखडला?' असं विचारलंत तर 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं एका ओळीत उत्तर येईल. ते चिडवणारं असलं तरी कायद्याला धरून आहे, कारण कायदा नोंदी देतो, स्पष्टीकरणं नाही. म्हणून मी कागदांची नावंच लिहिली: मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही) या कामाची पानं, चाचणी अहवाल, अंतिम देयक आणि दोषदायित्व कालावधी (ज्या काळात बिघाड कंत्राटदारानेच दुरुस्त करायचा तो) नमूद असलेलं करारनाम्याचं पान. स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तराच्या मुदतीचे ३० दिवस तिथूनच मोजायचे असतात.

पुढे प्रतींच्या खर्चाचं पत्र येतं, पानामागे २ रुपये. ते निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, तेव्हा लगेच भरा. मुदत उलटून गेली असेल तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते.

माझ्या मते प्रतींपेक्षा अवलोकन, म्हणजे कार्यालयात जाऊन कागद स्वतः पाहणं, फायद्याचं. पहिल्या तासाला शुल्क नाही. शिवाय २०१८ पासून महानगरपालिका आणि जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता यावेत, असा शासनाचा आदेश आहे. खिडकीवर हे माहीत नसतं, म्हणून आदेशाची प्रत सोबत ठेवायची. मोजमाप पुस्तिका उघडली की लांबी, रुंदी, जाडी आणि परिमाण हे रकाने दिसतात. जाडीचा रकाना अंदाजपत्रकाशी ताडून पाहा. मग मोजमापाची तारीख आणि खालच्या सह्या बघा: कनिष्ठ अभियंत्याची आहे, पण तपासणीची उपअभियंत्याची आहे का? काँक्रीट टाकल्याच्या तारखेपासून २८ दिवस व्हायच्या आतच २८ दिवसांच्या ताकदीचा चाचणी अहवाल जोडलेला असेल, तर तिथे बोट ठेवायचं.

खरं तर यातलं बरंचसं न मागता मिळायला हवं. कलम ४ मध्ये १७ बाबी आहेत, त्या कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायच्या आणि दरवर्षी अद्ययावत ठेवायच्या. संकेतस्थळावर बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांचीच यादी दिसते, तो भाग वेगळा. फलकावर दोषदायित्व संपण्याची तारीख आणि पुस्तिकेचा क्रमांक टाकला, तर निम्मे अर्ज येणारच नाहीत.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत जोडपत्र 'ब' आणि २० रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील करा. सुनावणीत रागलोभ बाजूला ठेवून मागितलेल्या कागदांची यादी पुढे करायची आणि कोणता मिळाला, कोणता नाही ते सांगायचं. तिथेही काम झालं नाही, तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं अपील करता येतं. ते रेंगाळतं, हे धरून चाला.

कागद हाती आल्यावर तक्रार नव्याने लिहावी लागते. दोषदायित्व कालावधी चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने करून घेता येते. त्यामुळे कार्यकारी अभियंत्याला लिहिताना करारनाम्याचं ते पान, कालावधी संपण्याची तारीख आणि खड्ड्यांचे तारखेसह फोटो जोडा. हे पत्र कालावधी संपायच्या आत आवक झालेलं हवं.