आमची वाटचाल: करडीचा घाणा आणि पुरानंतरची दिवाळी

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गोदाकाठच्या गावातला लाकडी घाणा चालू आहे, हे पहिल्यांदा सांगतो. २०२५ च्या दिवाळीआधी 'घाणा बंद पडला, मोटर विकायला काढली' अशी आवई मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, पद्धतशीर उठवली गेली होती. कोणी उठवली ते गावाला ठाऊक आहे. नाव लिहीत नाही, पण काय घडलं ते लिहून ठेवणार.

घाणा २०१७ साली बसवला. बाभळीची उखळ (हिच्यात माल घालतात), चिंचेची लाट (माल दाबणारा दांडा), खाली गिअरबॉक्स आणि तीन एचपीची थ्री-फेज मोटर. आमच्याकडे उखळ फिरते, लाट एका जागी राहते. मिनिटाला चौदा-पंधरा फेरे, त्यापुढे जाऊ देत नाही. फेरे वाढवले की माल लवकर उरकतो, पण तेल तापतं आणि करडीचा वास उडून जातो. नळीतून पडणारं तेल बोटावर घेतलं तर कोमट लागावं. चटका बसला तर घाणा थांबवायचा.

सुरुवातीपासून बरोबर आहेत ते सुतार मामा. भागीदारीचा कागद कधी केला नाही, पण हा घाणा त्यांचाही आहे. लाटेच्या टोकाला बाक किती ठेवायचा हे त्यांच्याशिवाय कोणाला जमत नाही. टोक झिजलं की लाट आणि उखळ यांच्यात फट पडते आणि तेल पेंडीतच राहून जातं. ओळखायची खूण सोपी आहे. निघालेली गरम पेंड मुठीत दाबायची. तळहात तेलकट झाला तर टोक झिजलंय. पेंड कोरडी, पापुद्र्यासारखी सुटली तर काम बरोबर आहे.

करडीचा एक घाणा, म्हणजे एका वेळचा माल, बारा किलोचा. आधी चाळणी, मग खडे आणि काडीकचरा काढायचा. खड्याने लाट खरवडली जाते, आणि ती दुरुस्ती चाळणीच्या मजुरीपेक्षा कितीतरी महाग पडते. माल दळला जाऊ लागला की कोमट पाण्याचा शिपका मारायचा. बारा किलोला तीनशे ते साडेतीनशे मिली, तेही दोन-तीन वेळा मिळून. पाणी कमी पडलं तर पेंड भुगा होऊन वर येते आणि तेल सुटत नाही. जास्त झालं तर तेल गढूळ येतं आणि लवकर खवट होतं. पावसाळी हवेत पाणी कमी लागतं, मार्च-एप्रिलात जास्त. वजनकाटा इथे अर्धंच काम करतो, उरलेलं हाताला कळतं.

एक लिटर करडी तेलाला चार ते साडेचार किलो करडी लागते. शेंगदाणा सव्वादोन ते अडीच किलोत लिटर देतो. पुढचं समजायला हे आकडे लागतील.

२०१८ ते २०२४ ही वर्षं नीट गेली. लॉकडाऊनमध्येही तेल अत्यावश्यक होतं, म्हणून घाणा फिरत राहिला. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही.

मग स्टँडजवळ दुसरं दुकान आलं. दर्शनी भागात घाणा, त्यावर दिवे, बाहेर मोठा फलक. घाणा दिवसातून तासभर फिरायचा आणि मागच्या खोलीत डबे उतरायचे, रात्री. करडी तेल एकशे सत्तर रुपये लिटर. गावात चर्चा एकच, आमचं महाग का?

हिशेब उघडा आहे. २०२५-२६ च्या रब्बी पणनासाठी करडीचा हमीभाव क्विंटलला ५,९४० रुपये होता. सव्वाचार किलो करडी धरली तर नुसत्या मालाचेच अडीचशे रुपये होतात. पेंडीचे ऐंशी वजा करा. मजुरी, वीज, बाटली, घट यांचे पन्नास-साठ मिळवा. दोनशे वीसच्या खाली लिटर येतच नाही, आणि यात आमचा नफा धरलेला नाही. एकशे सत्तरला जे विकलं जातं त्यात करडीशिवाय दुसरं काहीतरी आहे. हे आम्ही तेव्हाही सांगितलं. लोक म्हणाले, धंद्याची जळजळ आहे.

पाम तेल मिसळलंय का हे घरी पाहता येतं. छोट्या काचेच्या बाटलीत तेल भरा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, वरच्या बर्फाच्या कप्प्यात नको. करडीचं तेल सकाळी पातळच असतं. तळाशी पांढरा रवाळ थर बसला तर पामची शंका घ्या. शेंगदाणा तेल मात्र थंडीत आपोआप दाटतं, त्याला ही परीक्षा लावू नका. सोयाबीन किंवा सूर्यफुलाची भेसळ अशी कळत नाही, ती प्रयोगशाळेतच निघते. आणखी एक सांगतो. पाकिटावर लिटरचा आकडा बघण्याऐवजी ग्रॅम बघा. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. लिटरच्या पिशवीसारखी दिसणारी पिशवी ८५० किंवा ८०० ग्रॅमचीही असते. ग्रॅमला भाव काढल्यावर स्वस्त-महाग ठरवा.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस अतिवृष्टी झाली. जायकवाडीतून मोठा विसर्ग सुटला आणि गोदाकाठची शेतं पाण्याखाली गेली. उभं सोयाबीन कुजलं. मोंढ्यात येणारा पैसा तिथेच थांबला, कारण इथली दिवाळी सोयाबीनवर असते. शेतकरी भिजलेलं सोयाबीन घेऊन घाण्यावर विचारायला यायचे, याचं तेल काढून देता का. ते निघत नाही. सोयाबीनमध्ये तेल अठरा-वीस टक्केच असतं, लाकडी घाण्यावर त्यातलं हाती फारसं लागत नाही. त्याला सॉल्व्हंटचा, म्हणजे रसायनाने तेल ओढून काढणारा, कारखाना लागतो. त्यांना नाही म्हणणं फार जड गेलं.

पाणी गोदामातही शिरलं. थप्पीखाली फळ्या होत्या, तरी खालची शेंगदाण्याची दोन पोती भिजली. बुरशी लागलेला शेंगदाणा तेलाला घेत नाहीत, जनावरालाही घालत नाहीत. त्यात विष तयार होतं आणि ते पेंडीत उतरतं. तो माल खड्ड्यात गेला. मोटर उघडून वाळवली, मेगर लावून वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासल्याशिवाय बटण दाबलं नाही. खरी अडचण उखळीची होती. बाभळीचं लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं.

फुगलेली उखळ उन्हात ठेवली की ती उभी तडकते. बाहेरचं लाकूड आधी सुकून आकसतं, आतलं ओलंच असतं आणि मधोमध चीर जाते. मामांनी आधी गाळ लाकडी पट्टीने खरवडला. साबण, फिनाइल काहीही वापरू दिलं नाही, कारण तो वास लाकडात बसतो आणि महिनाभर तेलाला येतो. साध्या पाण्याने धुऊन उखळ सावलीत ठेवली, वर ओलसर गोणपाट टाकलं आणि रोज थोडं थोडं उघडं करत नेलं. पुरतं वाळल्यावर आतून तेल चोळलं. मग कोरडी पेंड फिरवली. ती छिद्रांतला उरलेला गाळ ओढून घेते. त्यानंतरचे पहिले दोन घाणे विकायचे नाहीत, ते दिव्याच्या तेलात. या कामाला घाई चालत नाही, आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं.

नेमक्या त्याच दिवसांत आवई उठली. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना रस्त्यात अडवून सांगितलं गेलं, तिकडे कशाला जाता, तिथे गाळ भरलाय. पूर सगळ्या गावाला आला होता. शेजाऱ्याच्या दुकानातल्या पाण्यावर आपली दिवाळी करायची, हे आम्हाला अजून पचलेलं नाही. व्यापारात भावावरून भांडण चालतं, हे चालत नाही.

घाणा तरला तो काकूंमुळे. आख्खी गल्ली त्यांना काकू म्हणते. त्यांचा बचत गट दिवाळीचा फराळ करतो आणि तळणीचं शेंगदाणा तेल पहिल्या वर्षापासून आमच्याकडूनच नेतो. स्टँडजवळचा भाव त्यांनाही सांगितला गेला होता. काकू दुकानात आल्या, वही पुढे ओढली आणि म्हणाल्या, "भाऊ, आगाऊ रक्कम लिहून घ्या. तेल कुठून काढून आणायचं ते तुम्ही बघा, पण तुमच्या हातचंच पाहिजे." शेजारच्या तालुक्यातल्या एका घाणेवाल्याने रात्रपाळी मोकळी करून दिली. कोरडा राहिलेला माल आम्ही तिकडे नेला, आमच्याच माणसांनी तेल काढलं, त्याने फक्त मजुरी घेतली. पेंडही आमची आम्हाला दिली.

गटाला मागणी कुठून आली हेही लिहिलं पाहिजे. गावातल्या घरांनी त्या वर्षी फराळ निम्म्यावर आणला होता. पण पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात नोकरीला असलेल्या गावच्या पोरांनी मोठ्या शहरातल्या दुकानांऐवजी गटाकडे मागणी नोंदवली. एका डब्याचे पैसे किती हातांत जातात बघा. शेंगा पिकवणारा, फोडणारी बाई, घाणा, गटातल्या बायका, डबे पोहोचवणारा टेंपोवाला. मदतीचे ट्रक आले, त्यांचं ऋण आहेच, पण टेंपोवाल्याचा हप्ता डब्यांनी फेडला. कुंभारदादांच्या पणत्या पावसात नीट वाळल्या नव्हत्या, आवा (पणत्या भाजायची भट्टी) उशिरा लागला. ज्या निघाल्या त्या आम्ही दिव्याच्या तेलाच्या बाटलीबरोबर दुकानात ठेवल्या, आणि पैसे पूर्ण त्यांचे. दिव्याचं तेल म्हणजे टाकीच्या तळाचं, दोनदा कापडातून गाळलेलं. गाद राहिली की वात काजळते आणि दिवा मिणमिणतो.

तळणीबद्दल दोन गोष्टी, कोणी विचारलं नसलं तरी. फराळाचं तेल ताजं ताजं मागू नका. घाण्यावरून आलेल्या तेलात बारीक गाद आणि किंचित ओल असते. ते तसंच कढईत टाकलं की फेस येऊन उतू जातं, आणि गिऱ्हाईक म्हणतं भेसळ आहे. स्टीलच्या टाकीत आठवडाभर निवळू द्यावं, वरचं निथळलेलं घ्यावं. म्हणून दिवाळीचं तेल आम्ही दसऱ्याच्या आसपास काढतो. दुसरं, चकली-करंजीला शेंगदाणा तेल वापरा. घाण्याचं कच्चं करडी तेल लवकर धुरावतं. ते चटणीवर, धपाट्याबरोबर, भाकरीवर घ्या, तिथे त्याला तोड नाही. किलोभर भाजणीच्या चकल्यांत पाव लिटरच्या आसपास तेल मुरतं, पण कढईत निदान दोन लिटर तरी असू द्या. तेल कमी असलं की चकल्या टाकताच ते थंड पडतं, आणि थंड तेलातली चकली तेल पिते, मऊ पडते. तळून उरलेलं तेल गाळून फोडणीत संपवा, पुन्हा पुन्हा तळू नका.

नरकचतुर्दशीच्या अभ्यंगासाठी तिळाचं तेल शंभर मिलीच्या बाटल्यांत भरलं. हातात पैसा नसलेल्या घरांनी तेवढी बाटली नेली. मोठ्या डब्यांचाच आग्रह धरला असता तर ती घरं स्टँडकडे गेली असती. सणात हात आखडलेला असतो तेव्हा माप लहान करावं, भाव तोच ठेवावा. उधारीही दिली, पण वहीत सही घेऊन आणि करडीच्या राशीपर्यंतच्या मुदतीने.

स्टँडजवळचं दुकान अजून आहे. फलक तोच आहे. आमच्या गिऱ्हाइकांतली काही घरं तिकडेच राहिली, त्यातली दोन-तीन अशी आहेत की ज्यांच्या लग्नाचं तेल आम्ही उधार दिलं होतं. ते आम्ही विसरलेलो नाही.

घाणा दिवाळीनंतर पूर्ण क्षमतेने फिरू लागला. मामांनी लाटेला नवं टोक दिलं.

करडीवाल्या शेतकऱ्यांसाठी आता. २०२५ च्या पुरानंतर वाफसा (पेरणीजोगी ओल) उशिरा आल्याने बऱ्याच जणांची पेरणी लांबली, आणि लांबलेल्या करडीवर मावा (रस शोषणारी कीड) हमखास येतो. शेताच्या कडेची झाडं आधी तपासत जा, मावा तिथून आत येतो. परभणी कुसुम असो की दुसरा वाण, दाणा टपोरा भरला तर तेल मिळतं. माव्याने पोचट झालेली करडी पाच किलोतही लिटर देत नाही आणि मग घाणेवाल्याशी भांडण होतं. कापणी पहाटेच करा. दवाने काटे मऊ असतात आणि बोंडं फुटून दाणे गळत नाहीत. रास झाल्यावर माल चांगला वाळवून, दाताखाली कट्कन फुटेल असा आणा. ओला माल आम्ही परत पाठवतो, मग तो कोणाचाही असो. मोंढ्यातला त्या दिवसाचा भाव, पैसे मापाच्या दिवशीच, आडत (दलाली) कापत नाही. स्वतःची करडी गाळून नेणाऱ्यांनी पेंड नेणार की मजुरीत वळती करणार हे घाणा सुरू व्हायच्या आधी सांगावं, आणि तेलासाठी डबा घरून कोरडा करून आणावा. डब्यात पाण्याचा थेंब राहिला तर तेल महिन्यात वास मारतं.