जुन्या ४८६वर फ्रीडॉस : बॅटरी, कार्ड आणि हेडांचा हिशेब

रामबागेतील आमच्या घरच्या ४८६ डीएक्स२-६६ या १९९०च्या दशकातल्या संगणकावर फ्रीडॉस १.४ ही डॉसशी जुळणारी मुक्त कार्यप्रणाली आता फ्लॉपीच्या आधाराशिवाय सुरू होऊ लागली आहे. मायक्रोसॉफ्ट डॉसला रामराम करणार, अशी चिन्हे दिसू लागल्यावर जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९४ साली हा प्रकल्प आरंभला आणि तो स्वयंसेवकांच्या बळावर अजून चालू आहे.

पहिले काम अर्थातच मदरबोर्डावरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी काढण्याचे होते. ती पाझरून कीबोर्डच्या सॉकेटजवळच्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडल्या होत्या. हा पाझर अल्कधर्मी असल्याने कापसाच्या बोळ्याने आधी पांढरे व्हिनेगर आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवले. आता बाहेरच्या बॅटरीसाठी असलेल्या पिनांवर तीन पेन्सिल सेल जोडले असून, त्यांच्याकडे उलटा प्रवाह जाऊ नये म्हणून वाटेत एक डायोड घातला आहे.

हार्ड डिस्कच्या जागी ५१२ एमबीचे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आहे; ते हार्ड डिस्कच्या केबलला जोडणारा आयडीई अडॅप्टर जेल रोडवर मिळाला. कार्डाचा आकार मुद्दाम बेताचा ठेवला, कारण त्या काळातले बायोस (यंत्र सुरू करणारी मदरबोर्डावरची आज्ञावली) डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांत मोजते व १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांपलीकडे पाहत नाही, म्हणजे ५१२ बाइटांच्या सेक्टरने गुणल्यास मर्यादा सुमारे ५२.८ कोटी बाइटांची होते.

खरी मेख पुढेच आहे. यूएसबी रीडरमधून आजच्या संगणकावर कार्डाचे पार्टिशन (विभाग) पाडले, तर तेथे बहुधा २५५ हेड गृहीत धरले जातात आणि तोच आकडा बूट सेक्टरात, म्हणजे यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या भागात, नोंदला जातो. मग १६ हेड मानणारे जुने बायोस कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) भलत्याच सेक्टरवर शोधते आणि पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहतो. कार्डात दोष नसताना ते बाद ठरवले जाते, ते बहुतेक याच कारणाने. म्हणून बायोसमध्ये ‘टाइप ४७’ निवडून कार्डाचे स्वतःचे आकडे भरावेत आणि पार्टिशन पाडणारी एफडिस्क, ते वापरासाठी तयार करणारी फॉरमॅट व त्यावर कार्यप्रणाली चढवणारी सिस या तिन्ही आज्ञा त्याच यंत्रावर फ्लॉपीवरून चालवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. पार्टिशन पाडल्यावर यंत्र पुन्हा सुरू केल्याखेरीज फॉरमॅटकडे वळू नये.

सीडी ड्राइव्ह नसलेल्या यंत्रांसाठी फ्रीडॉसची फ्लॉपी आवृत्ती आहे, ती वापरली. आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र जुन्या फ्लॉप्यांवर बुरशी धरते. पत्र्याची झडप सरकवून चकती उजेडात फिरवली की पांढरे ठिपके दिसतात. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर तिचे वाचन-हेड खराब होते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पडतात.

मांडणीच्या फाइलीत हायमेमएक्स आणि जेम ३८६ हे स्मृती सांभाळणारे ड्रायव्हर घालून डॉस वरच्या स्मृतीत हलवल्यावर पहिल्या ६४० केबीपैकी सहाशेहून अधिक केबी मोकळी राहते. सीरियल पोर्टवरचा माउस सीटीमाउस या ड्रायव्हरने लगेच ओळखला. आता पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड याच यंत्रात लावून, डॉसच्या मजकुरी पडद्यावर देवनागरी दाखवणारे ते कार्ड जेम ३८६ चालू असताना कसे वागते, हे पाहायचे आहे. त्याची स्मृती व्यापण्याची जागा जेमच्या वाट्याला जाऊ नये म्हणून तेवढा भाग आधीच वगळून ठेवीन.