डार्सीचे दहा हजार आणि ताईची सही

आधीच सांगून टाकते, मला जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा नायक डार्सी फारसा आवडत नाही. वाईट नाहीये तो, पण आमच्या पुस्तकवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या नावाने जे उसासे चालतात त्यात मी नसते. तो तळ्यात उडी मारून ओल्या शर्टात येतो तो सीन तर पुस्तकात नाहीच आहे, १९९५ च्या बीबीसी सिरीयलवाल्यांनी घातलाय तो, आणि अर्ध्याअधिक जणी सिरीयल बघून पुस्तक उघडतात आणि तळं अजून कसं आलं नाही म्हणून पानं उलटत बसतात.

मला आवडते फॅनी डॅशवुड. ऑस्टिनच्याच 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'मधली भावजय. हे पुस्तक १८११ चं, त्याच वर्षी तिसरा जॉर्ज राजा कारभार बघण्याच्या स्थितीत राहिला नाही म्हणून युवराजाला रीजंट, म्हणजे राजाच्या जागी कारभार बघणारा, नेमलं, १८२० ला राजा गेला आणि रीजन्सी संपली. एवढीशीच ती, नऊ वर्षांची, कादंबऱ्या मात्र त्यावर अजून निघतायत.

तर फॅनी. सासरा मरताना मुलाकडून शब्द घेतो की तुझ्या सावत्र आईकडे आणि तिघी बहिणींकडे बघ. मुलगा मनाशी ठरवतो, प्रत्येकीला हजार पौंड देऊ. मग दुसऱ्या प्रकरणात फॅनी त्याच्याशी बोलायला बसते. आवाज चढत नाही, आदळआपट नाही, सगळं कसं गोड. हजार जरा जास्त नाही का होत, आपल्या बाळाच्या तोंडचं जाईल ना ते. बरं, पाचशे. पाचशे तरी कशाला, त्यापेक्षा आईला वर्षाला शंभर बांधून देऊ. छे, असं काही बांधून दिलं की माणसं मरतच नाहीत, आणि सासूबाई अजून धड चाळिशीच्या पण नाहीत, तब्येत ठणठणीत. मग अधूनमधून पन्नास. शेवटी ठरतं काय, तर सामान हलवायला मदत करू आणि सीझन असेल तेव्हा मासे आणि शिकार पाठवत जाऊ. वर हिला दुःख कशाचं, तर सासूबाई चांगला चिनीमातीचा सेट घेऊन चालल्या!

हे मी ऐरोलीला जाताना ट्रान्स हार्बर लोकलमध्ये वाचलं आणि एकटीच हसत सुटले, कारण ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगा रीडेव्हलपमेंटला निघाल्यापासून हाच संवाद मी किती घरांत ऐकलाय. बहिणीला फोन जातो, "ताई, एक सही हवी होती गं, नुसती फॉर्मॅलिटी आहे", आणि ती फॉर्मॅलिटी म्हणजे हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान वाटा महाराष्ट्रात १९९४ ला मिळाला, केंद्राने २००५ ला दिला, पण ताई सही करते, माहेर तुटायला नको म्हणून. मग दिवाळीला साडी आणि एप्रिलमध्ये हापूसची एक पेटी येते. मासे आणि शिकार म्हणतात ती हीच.

आपल्याला ऑस्टिनची पुस्तकं आवडतात कारण आपल्याकडे अजून कांदेपोहे चालतात, असं जो तो म्हणतो. असेल बाबा. पण मला वाटतं खरी मजा आकड्यांत आहे, ऑस्टिन माणूस स्टेजवर आणते तोच त्याच्या पगारपत्रकासकट. डार्सी वर्षाला दहा हजार, त्याचा मित्र बिंगली चार-पाच हजार, आणि नायिका एलिझाबेथच्या वाट्याला आई गेल्यावर हजार पौंड, चार टक्क्याने, आणि हे तिला कोण ऐकवतं तर तिचा लांबचा भाऊ कॉलिन्स, तेही लग्नाची मागणी घालताना. ऑस्टिनला हे शिकायला कुठे लांब जायला लागलं नाही. १८०५ ला वडील गेले, आई आणि दोघी बहिणी भावांच्या पैशावर, १८०९ ला एका भावाने चॉटन गावात घर दिलं तेव्हा कुठे तिला बस्तान मिळालं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिने ११० पौंडांना विकून टाकले होते, आणि तिच्या हयातीत तिचं नाव एकाही पुस्तकावर छापलं गेलं नाही.

म्हणून ऑस्टिनवर किंवा तिच्या काळावर दुसऱ्या कोणी लिहिलेलं पुस्तक हातात आलं की मी एकच बघते, हिशोब आहे का. १९३५ च्या 'रीजन्सी बक'पासून जॉर्जेट हेयरने रीजन्सी कादंबऱ्यांचं हे दुकान थाटलं, नंतरच्या बऱ्याच जणी तिच्याच जिवावर जगल्यात, पण तिचं माझं सगळ्यात आवडतं म्हणजे 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट', १९६१ चं, ज्यात कर्जात बुडालेला उमराव एका व्यापाऱ्याच्या साध्याशा मुलीशी चक्क पैशासाठी लग्न करतो आणि मग दोघं हळूहळू संसार निभावतात. रोमान्सवाल्यांना ते बोअर होतं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चं झॉम्बीवालं रूप २००९ ला आलं, पन्नास पानं हसले, मग पुरे झालं. पी. डी. जेम्सने २०११ ला डार्सीच्या पेम्बर्ली वाड्यात खून करवला, एवढी मुरलेली लेखिका पण नाही जमलं, म्हणजे मला तरी नाही.

'लाँगबोर्न' मात्र वाचाच. जो बेकरचं, २०१३. एलिझाबेथ बहिणीला बघायला तीन मैल चिखल तुडवत जाते आणि आपण दोनशे वर्षं काय ती बिनधास्त पोरगी म्हणून कौतुक करतो, इथे त्या चिखलाचे परकर धुणारी मोलकरीण नायिका आहे. तिचे हात फुटलेत. एलिझाबेथला स्वतः धुवायला लागलं असतं तर जपून चालली असती, असं तिच्या मनात येतं, आणि ते वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले होते.

ब्रिजर्टन, ती नेटफ्लिक्सवरची रीजन्सी सिरीयल, ते पण बघितलंय, उगाच आव आणत नाही, रात्र जागून बघितलंय. दुसऱ्या सीझनमध्ये शर्मा बहिणी मुंबईहून लंडनला जातात, हळद लागते, छानच वाटलं. पण त्या काळच्या मुंबईत कंपनी सरकार बसलेलं, इथला पैसा कोणाच्या कोटात चाललाय ह्यावर चकार शब्द नाही. ऑस्टिनने निदान 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये घरचा पैसा जिथून येतो त्या वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वातल्या इस्टेटीचं नाव तरी घेतलं. तिची स्वतःची आत्या फिलाडेल्फिया १७५२ ला नवरा शोधायला जहाजाने हिंदुस्थानात आली होती, आतेबहीण एलायझा कलकत्त्यात जन्मली आणि वॉरन हेस्टिंग्ज तिचा गॉडफादर! हे सगळं असताना त्या एकसारख्या बॉलरूम्स किती वेळा बघायच्या?

आणि आपल्या ठाण्यात तेव्हा काय चाललं होतं माहितीये? डिसेंबर १८१५ मध्ये लंडनला ऑस्टिनची 'एमा' आली, रीजंटला अर्पण केलेली, खरं तर तिला तो अजिबात आवडायचा नाही. सप्टेंबर १८१६ ला पेशव्याचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे, इंग्रजांच्या कैदेतला, ठाण्याच्या किल्ल्यातून पळाला, म्हणजे आत्ताच्या सेंट्रल जेलमधून. गोष्ट अशी सांगतात की पहारा सगळा गोऱ्यांचा, त्यांना मराठी कळेना, आणि एका अधिकाऱ्याचा मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा, खिडकीखाली घोडा फिरवताना गाण्यातून सुटकेचा बेत सांगायचा. दोनच वर्षांत पेशवाई गेली आणि दुसऱ्या बाजीरावाला वर्षाला आठ लाखांची पेन्शन बांधून बिठूरला पाठवलं. बांधून दिलं की माणसं मरत नाहीत, फॅनी म्हणालीच होती, बाजीराव १८५१ पर्यंत जगला. तो गेल्यावर दत्तक मुलाला, नानासाहेबाला, कंपनीने ती पेन्शन नाकारली.

वारसा, दत्तक, वर्षाचा आकडा, सगळं तयार आहे हो, फक्त कोणीतरी लिहायला बसा. आमच्याकडे ह्या काळावर लिहिलं की लगेच तलवारी निघतात, त्या नकोत. मला त्या मोतद्दाराची बायको हवीये, महिन्याचा पगार, घोड्याची चंदी, आणि नवरा हल्ली कामावर एवढी गाणी का म्हणतो ह्याचा तिला आलेला संशय.